सगळ्यांनाच तेच चुकीचं कसं आठवतं? सामूहिक खोट्या आठवणींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सातारा भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न जोडून घेतले आहेत आणि एका उत्तरातली माहिती दुसरीकडं लागते तिथं क्रमांक दिला आहे. फक्त जुन्या पुराची किंवा शेताच्या बांधाची आठवण पडताळायची असेल, तर थेट प्रश्न ८ आणि ९ वाचा.

१. मंडेला इफेक्ट म्हणजे काय? त्यात मंडेला कुठून आले?

एकमेकांना न ओळखणाऱ्या बऱ्याच लोकांना एकच न घडलेली गोष्ट किंवा एकच चुकीचा तपशील ठामपणे आठवतो, त्याला हे नाव पडलं आहे. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले असं फियोना ब्रूम या अमेरिकी लेखिकेला आठवत होतं. तसंच आठवणारे आणखी लोक तिला भेटले आणि २००९-१० च्या सुमारास तिनं हे नाव रूढ केलं. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, १९९४ ते १९९९ दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष होते आणि ५ डिसेंबर २०१३ ला वारले. त्याच देशातले दुसरे लढवय्ये स्टीव्ह बिको मात्र १९७७ मध्ये कोठडीतच मरण पावले होते. दूरच्या देशातल्या दोन बातम्या एकीत मिसळल्या असाव्यात, असं मानायला जागा आहे.

२. हे खोटं बोलणं झालं की अफवा? की नुसतं विसरणं?

खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. विसरलेल्याला मध्ये काहीतरी रिकामं आहे हे जाणवतं. खोट्या आठवणीत रिकामं असं काही जाणवतच नाही. कोण कुठं बसलं होतं, कुणाच्या अंगावर काय होतं, सगळं हजर असतं आणि माणूस मनापासून बोलत असतो.

अफवा किंवा चुकीची माहिती ही आणखी वेगळी. ‘हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ’ हे आपल्याकडं घरोघरी सांगितलं जातं. पण कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेलं नाही, असं केंद्र सरकारनं २०१२ मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देताना कळवलं. ‘मी शाळेत असं शिकलो’ ही तुमची आठवण मात्र अगदी खरी असू शकते. तिथं आठवणीचा दोष नाही, शिकवलेल्या गोष्टीचा आहे. म्हणून वाद सुरू होण्याआधी एवढंच विचारावं: तुम्ही स्वतः पाहिलं, की वाचलं, की कुणी सांगितलं?

३. एकाचं चुकू शकतं, मान्य. पण हजारो लोकांचं तेच कसं चुकतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि तो रास्त आहे. चुका जर कशाही होत असतील, तर दहा जणांच्या दहा तऱ्हा व्हायला हव्यात. पण आठवणीतल्या चुका कशाही होत नाहीत.

फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक कथा इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळानं ती पुन्हा सांगायला लावली. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात निकाल आहेत. वाचकांनी अनोळखी तपशील गाळले आणि उरलेले ओळखीच्या साच्यात बसवले. कथेतली झाडाच्या खोडाची डोंगी साधी ‘होडी’ झाली, सीलची शिकार ‘मासेमारी’ झाली. वाचक वेगवेगळे होते, पण एकाच समाजात वाढलेले, म्हणून त्यांच्या चुकाही एकाच दिशेनं गेल्या.

दुसरं कारण म्हणजे उगम विसरणं. गोष्ट लक्षात राहते, ती कुठून कळली ते पुसलं जातं. भावानं सांगितलेला प्रसंग वीस वर्षांनी ‘मी पाहिलेला’ होतो.

तिसरं कारण गप्पा. फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जोडीतल्या दोघांना एकाच घटनेच्या दोन वेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रफिती दाखवल्या. दोघांना वाटत होतं, आपण एकच फीत पाहिली. आपसांत बोलल्यावर ७१ टक्के लोकांनी, स्वतःला दिसूच शकली नव्हती अशी निदान एक गोष्ट आपल्या जबानीत सांगितली.

शिवाय ज्यांना बरोबर आठवतं ते कधी लिहून कळवत नाहीत. ‘मंडेला २०१३ ला वारले हे मला नीट आठवतं’ असं कोण कशाला सांगेल? चुकलेलेच एकत्र येतात, आणि मग सगळं गाव तेच म्हणतंय असं वाटू लागतं.

या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दहा जणांना आठवतं म्हणजे दहा साक्षीदार झाले असं नाही. आपसांत न बोलता ज्यांनी सांगितलं तेवढेच मोजायचे. तेही एकाच साच्यातून चुकले नसतील ना, हे पाहायचं.

४. ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ हे तर आम्ही पडद्यावर ऐकलंय. तेही चूक?

चूक. १९७५ च्या ‘शोले’त ‘कितने आदमी थे?’ हा सवाल पळून आलेल्या साथीदारांना आहे आणि उत्तर कालिया देतो. सांबाला विचारलं जातं ते सरकारनं आपल्यावर किती इनाम ठेवलंय म्हणून. एकाच दृश्यातल्या दोन ओळींची डोकी-धडं जुळली. त्यात गणेशोत्सवातल्या नकला आणि गॅदरिंगमधले विनोद यांनी जोडओळच जास्त वेळा कानावर घातली. चित्रपट तीनदा पाहिला असेल, नक्कल तीनशे वेळा ऐकली असेल. मेंदू हिशेब बरोबरच करतो, फक्त वेगळ्याच गोष्टीचा.

५. पण मोठे प्रसंग कसे चुकतील? मी कुठं उभा होतो तेसुद्धा लख्ख आठवतं.

लख्ख आठवणं आणि बरोबर आठवणं यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठं, कशी, कुणाकडून कळली’ हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुन्या कागदाशी जुळलं नाही, तरीही एकूण विद्यार्थ्यांची खात्री जबर होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही.

गाभा सहसा टिकतो: यान फुटलं, पूर आला, घर सोडावं लागलं. घसरतात ते वार, वेळ, सोबतची माणसं आणि क्रम.

६. माझा जन्म १९६६ चा. कोयनेचा भूकंप मला आठवतो, घरचे हसतात.

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. तेव्हा तुम्ही दोन वर्षांचेही नव्हता. मोठेपणी टिकणारी पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. दोनच्या आतली स्पष्ट, क्रमवार आठवण जवळजवळ नेहमी घरच्यांच्या सांगण्यातून तयार झालेली असते. आईनं कडेवर घेऊन अंगणात धाव घेतली हे चित्र तुम्हाला बाहेरून दिसतं का, म्हणजे त्यात तुम्ही स्वतःलाही पाहता का? तसं असेल तर संशय वाढतो, पण तेवढ्यानं निकाल लागत नाही.

तरी घरच्यांनी फार हसू नये. पाटण-कोयना भागात त्यानंतरही वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले आहेत. तुम्हाला आठवतो तो सत्तरच्या दशकातला एखादा खरा धक्का असेल आणि त्याला १९६७ ची तारीख नंतर चिकटली असेल. धक्का लहान होता का, पडझड झाली होती का, तुम्ही शाळेत जात होता का, हे आधी लिहून काढा आणि मग थोरल्यांना विचारा. उलट क्रमानं केलंत तर उपयोग नाही.

७. कपिल देवचे १७५ आम्ही टीव्हीवर पाहिले. मग चित्रीकरणच नाही असं का म्हणतात?

कारण ते नाही. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध कपिल देव नाबाद १७५ धावांवर खेळले, त्या डावाचं टीव्हीचं चित्रीकरण झालंच नव्हतं. पाहिलं म्हणणाऱ्यांना बहुधा २५ जूनचा अंतिम सामना, वर्तमानपत्रातली छायाचित्रं आणि २०२१ च्या हिंदी चित्रपटातला पुन्हा उभा केलेला डाव एकत्र आठवतात.

असा प्रयोगच झालेला आहे. ४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं. ते कोसळतानाची फीत अस्तित्वात नाही. दहा महिन्यांनी हान्स क्रोमबाग यांनी ‘ती फीत तुम्ही टीव्हीवर पाहिली का?’ असं विचारलं, तर ५५ टक्के लोक हो म्हणाले.

८. आमच्या गल्लीत २०१९ ला पाणी कुठवर आलं यावर घरोघरी वाद आहेत. खरं कसं काढायचं?

सांगलीत हा गोंधळ होणारच, कारण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर एकाच पिढीनं एकाच घरात पाहिले. तीच गल्ली, तीच होडी, तोच माळा. एकसारख्या प्रसंगांचे तपशील एकमेकांत सहज शिरतात.

आधी प्रत्येकाला वेगळं बसवा आणि पेननं लिहायला लावा: कोणतं साल, पाणी कशापर्यंत (पायरी, उंबरा, खिडकीची चौकट, लाईटचा बोर्ड), घरात कोण होतं, कुठं हललो, कधी परतलो. खोडाखोड चालेल, पण आधीचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. हे होईपर्यंत विषयावर बोलायचं नाही. एक जण जरी मोठ्यानं ‘अहो, बोर्ड बुडाला होता’ म्हणाला तरी बाकीचे कागद बाद समजा. कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

विचारताना उत्तर प्रश्नात घालू नका. ‘पाणी खिडकीपर्यंत होतं ना?’ नको, ‘पाणी कशापर्यंत होतं?’ असं विचारा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या टकरीची फीत दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘आदळल्या’ अशा जोरकस अर्थाचं क्रियापद होतं तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल आला, नुसत्या ‘टेकल्या’ला ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं ‘फुटलेली काच दिसली का?’ असं विचारल्यावर जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या शब्दाच्या ५० पैकी ७. काच फुटलीच नव्हती.

मग तारीख असलेले कागद काढा. पंचनाम्याची प्रत, पासबुकात सानुग्रह अनुदान जमा झाल्याची नोंद, विम्याचा दावा, नवा फ्रिज-गादी घेतल्याची पावती. फोटो असतील तर सावध राहा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोटोच्या फाईलनावात आठ आकडी तारीख असते, पण ती फोटो तुमच्या फोनवर आला-गेला त्या दिवसाची, काढल्याची नव्हे. २०१९ मध्ये फिरलेले जुने फोटो त्या नावानंच साठलेले आहेत. मूळ फोन किंवा मूळ फाईल मिळाली तरच आतली तारीख उपयोगाची, आणि तीही फोनचं घड्याळ बरोबर असेल तर. कागदी फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का कधी कधी जास्त खात्रीचा निघतो.

शेवटी उंचीचा ताळा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, २००५ ला ५३ च्या पुढं. म्हणजे पुलाच्या आसपासच्या वस्तीत दोन पुरांच्या खुणांमध्ये तीन फुटांहून अधिक फरक दिसला पाहिजे. दोन्ही साली पाणी त्याच खिळ्यापर्यंत आलं असं कुणी म्हणत असेल, तर दोनच शक्यता उरतात: मधल्या काळात फरशी किंवा जोतं उंच केलं आणि खिळाही वर गेला, नाहीतर एका सालाची आठवण दुसऱ्यावर चढली.

९. बांधावर आंब्याचं झाड होतं असं गावातले पाच म्हातारे सांगतात. मोजणीत बांध वेगळा निघतो. कुणाचं खरं?

पाचही जण रोज एकाच पारावर बसत असतील तर ती एकच साक्ष समजा. झाड खरंच असेल, पण ‘बांधावर’ की ‘बांधाच्या आत चार हातांवर’ हा तपशील आठवणीत सगळ्यात आधी सरकतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशा आणि जुने फाळणी नकाशे मागवा, तलाठ्याकडून जुने फेरफार काढा. ‘त्या साली तिथं ऊस होता’ अशा दाव्याला गाव नमुना १२ मधली पीक पाहणीची नोंद पाहता येते. मात्र ती नोंद बांधाची जागा सांगत नाही, तेवढ्यासाठी ती वापरू नका.

१०. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू तरी चुकणार नाही ना?

उलट तीच चुकते, कारण तिच्याकडं बघायची गरज पडत नाही. खिशातली चॉकलेटी दहाची नोट न बघता तिची मागची बाजू कागदावर काढून पाहा. मंदिर कोणतं? चष्म्याचं चिन्ह कुठं? भाषांच्या पट्टीत किती भाषा, आणि मराठी कितवी? आता नोट उलटा: कोणार्कचं सूर्यमंदिर, डावीकडं स्वच्छ भारतचा चष्मा, पंधरा भाषा आणि मराठी वरून आठवी. वेरूळची लेणी आठवली असतील तर ती वीसच्या नोटेवर आहेत.

याहून बोलकं उदाहरण इटलीतल्या बोलोन्या स्टेशनचं. २ ऑगस्ट १९८० ला १० वाजून २५ मिनिटांनी तिथं बॉम्बस्फोट झाला आणि घड्याळ बंद पडलं. ते लवकरच दुरुस्त झालं आणि १९९६ पर्यंत चालू होतं. त्यानंतर स्मरण म्हणून त्याच वेळेवर थांबवलं. घड्याळ आता बंद आहे हे माहीत असलेल्या १७३ जणांना संशोधकांनी विचारलं, तर १६० म्हणाले की ते स्फोटापासून बंदच आहे. नेहमी १०:२५ च पाहिले म्हणणाऱ्यांत स्टेशनवर काम करणारे २१ च्या २१ कर्मचारी होते.

११. घरी किंवा शाळेत करून बघता येईल असा प्रयोग आहे का?

आहे, आणि वर्गात छान रंगतो. हे बारा शब्द एका सुरात, दर दोन सेकंदांना एक असे वाचा: गादी, उशी, रात्र, जांभई, घोरणं, स्वप्न, चादर, डुलकी, अंथरूण, अंगाई, थकवा, पहाट. मग २०० पासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावा, दोन मिनिटं. त्यानंतर आठवतील ते शब्द प्रत्येकानं लिहायचे. ‘झोप’ किती जणांनी लिहिलं ते मोजा. तो शब्द यादीत नाही. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांच्या १९९५ च्या प्रयोगांत अशा याद्यांमधला न ऐकलेला मुख्य शब्द पहिल्या प्रयोगात सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्या प्रयोगात ५५ टक्के वेळा लिहिला गेला होता.

बिघडतं ते बहुधा असं: ‘नीट ऐका, फसवणूक आहे’ असं आधीच सांगितलं जातं, उलटी मोजणी गाळली जाते, किंवा मुलं शेजारच्याचं बघून लिहितात.

१२. अपघात पाहिला. साक्ष द्यावी लागली तर काय जपायचं?

इतरांशी बोलण्याआधी आणि मोबाईलवर फिरणारी फीत बघण्याआधी, जे स्वतः पाहिलं तेवढंच वेळेसह लिहा. ‘दिसलं नाही’ हेही लिहा. पुढं बोलणं होणारच. पण पहिला कागद तसाच ठेवा.

१३. समांतर विश्व, जिनिव्हाचं यंत्र, काळाची उलथापालथ… यात काहीच तथ्य नाही?

अणूहून बारीक कण वेगानं एकमेकांवर आदळवणाऱ्या जिनिव्हाजवळच्या यंत्रानं विश्वच बदललं, म्हणून आठवणी जुळत नाहीत, असा दावा फिरतो. आमच्या मते त्यात तथ्य नाही, आणि कारणं साधी आहेत. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणवेगवर्धकात पहिला किरण १० सप्टेंबर २००८ ला फिरला. बार्टलेटचे प्रयोग १९३२ च्या आतले आहेत, म्हणजे लोक असे चुकतात ते यंत्राच्या कितीतरी आधीपासून. शिवाय त्या यंत्रातल्यापेक्षा जास्त ऊर्जेचे विश्वकिरण (अवकाशातून येणारे कण) वातावरणावर कायमच आदळत असतात, त्यांनी विश्व बदललं नाही तर यंत्रानं कसं बदलेल? ह्यू एव्हरेटनं १९५७ मध्ये मांडलेली अनेक विश्वांची कल्पना भौतिकशास्त्रात गंभीरपणे घेतली जाते, पण एका विश्वाची आठवण दुसऱ्यात यावी अशी सोय तिच्यात नाही.

आणि बदल कुठं होतो ते बघा. दूरची बोधचिन्हं, संवाद, परदेशातल्या बातम्या. तुमच्या घराची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागू लागली, सातारचा अजिंक्यतारा कराडला गेला, असं कुणी सांगत नाही. विश्व बदलत असतं तर ते फक्त आपलं लक्ष नसलेल्या जागीच, आणि तेही अधिक सोपं-ओळखीचं, का झालं असतं?

१४. मग गूढ असं काहीच उरत नाही?

उरतं, पण छोटं. दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये ४० प्रसिद्ध चित्रं-बोधचिन्हं १०० जणांना खऱ्या आणि बदललेल्या रूपांत दाखवली. सात चित्रांबाबत लोक एकाच चुकीच्या रूपाकडं पुन्हा पुन्हा वळले. मोनोपॉली खेळातल्या म्हाताऱ्याला एकडोळी भिंग नाही, तरी लोक ते लावतात. ते साच्यानं समजतं; जुन्या चित्रांतला श्रीमंत म्हातारा म्हटलं की भिंग आलंच. ‘पोकेमॉन’ कार्टूनमधल्या पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं आठवतं, कारण कानांची टोकं काळी आहेत असं म्हणता येईल. पण फोक्सवॅगनच्या चिन्हातली दोन अक्षरांमधली फट लोक का बुजवतात, याला साचा पुरत नाही. लोक त्या भागाकडं बघतच नाहीत म्हणावं, तर लोक चित्रात कुठं बघतात याच्या नोंदींनी तेही दाखवलं नाही. काही चित्रांतच चुकीची ओढ कुठून येते, हे अजून सुटलेलं नाही. यात विश्वबदल घुसडायचं कारण नाही, पण ‘सगळं कळलं’ म्हणणंही घाईचं.

१५. १९९५ ला गणपती दूध प्यायला, ते लाखोंनी पाहिलं. तीही खोटी आठवण?

अजिबात नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला चमच्यातलं दूध खरंच कमी होताना दिसलं होतं. पृष्ठताणामुळं दूध सोंडेला टेकताच ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळतं. दुधात रंग मिसळल्यावर तो ओघळ उघड दिसला. आठवण खरी, पाहणंही खरं, अर्थ वेगळा.

१६. आजोबा म्हणतात आमचं गाव सातारा जिल्ह्यात, वडील म्हणतात सांगली. कुणाची आठवण खोटी?

बहुधा कुणाचीच नाही. वाळवा तालुक्यातलं गाव १९४९ आधी सातारा जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून त्याच जिल्ह्याचं नाव सांगली. कुंडलचा माणूस तर ‘आम्ही औंध संस्थानातले’ म्हणेल, आणि संस्थान विलीन होण्याआधीच्या काळापुरतं तेही बरोबर. चळवळीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ येतं, तेव्हा त्यात आजचा बराचसा सांगली जिल्हा असतो. आठवण खोटी ठरवण्याआधी त्या सालचा नकाशा बघावा.

१७. आई न घडलेल्या गोष्टी सांगते, कालच मामा येऊन गेला म्हणते. हेही तेच का?

हे त्यात धरू नका. वर सांगितलेल्या चुका धडधाकट माणसांच्या आहेत आणि जुन्या तपशिलांच्या आहेत. कालपरवाच्या गोष्टी रचल्या जात असतील, तारीख-जागा चुकत असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी हवी. हे एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. वयस्कर माणसांत लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवी सुरू केलेली झोपेची गोळी यांनीही असा भ्रम होतो आणि तो वेळीच उपचार केल्यावर बरा होऊ शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट सोबत न्या. ‘मामा वारून दहा वर्षं झाली’ असं दर वेळी सुनावू नका. त्यांना ते दर वेळी नव्यानं कळतं.